अमेरिकेच्या ग्राहकाचा डॉलरचा चेक घ्यावा का? (गोधड्यांची ऑनलाइन विक्री, अंबाजोगाई)

गोधडी_अंबाजोगाई

नमस्कार मंडळी. अंबाजोगाईत आम्ही गल्लीतल्या काही बायका मिळून हाताने शिवलेल्या गोधड्या विकतो. जुन्या सुती लुगड्यांचे थर, वरून बारीक धावदोरा, कडेने रंगीत पट्टी. इन्स्टाग्रामवर पेज आहे. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक यूपीआयने पैसे टाकतं आणि दुसऱ्या दिवशी पार्सल पोस्टात जातं. इथवर सगळं सरळ आहे.

आता अमेरिकेतल्या ओहायोमधून विचारणा आली आहे. तिकडे गोधड्या शिवणाऱ्या हौशी बायकांचं एक मंडळ आहे, त्यांना प्रदर्शनात मांडायला सहा गोधड्या हव्यात. फोटो पाहिले, भाव मान्य केला, पोस्टाचा खर्चही देतो म्हणाल्या. अडचण एकच. मंडळाकडे कार्ड नाही. सगळा व्यवहार चेकने, आणि त्यावर अध्यक्ष व खजिनदार अशा दोघींच्या सह्या. डॉलरचा चेक त्या पोस्टाने पाठवणार, तो हातात पडला की आम्ही माल पाठवायचा, असं त्यांचं म्हणणं.

आमच्या शाखेत विचारलं. एक जण म्हणाला "आणा, बघू". दुसरा म्हणाला "असला चेक आम्ही घेतच नाही". खातं बचत गटाच्या नावाने आहे, पेजचं नाव वेगळं आहे.

चेक खरोखर वटतो का, किती वेळ लागतो आणि माल कधी पाठवावा? सहा गोधड्या म्हणजे आमच्या बायकांची पावसाळाभराची मेहनत. ज्यांना नीट माहिती आहे त्यांनी वेळ काढून सांगावं ही विनंती.

उदगीर_बसस्टँड

ताई, चेकच्या नादाला लागू नका. आमच्या ओळखीच्या एका पोरानं पितळी समया ऑनलाइन विकायला ठेवल्या होत्या. गिऱ्हाईक परदेशातलं. चेक आला तो ठरलेल्या रकमेच्या दुपटीहून जास्तीचा. मागनं मेल आली की आमच्या हिशेबनिसानं जास्तीची रक्कम लिहिली, वरचे पैसे माल उचलणाऱ्या एजंटला पाठवून द्या. एजंटचं खातं आपल्याच देशातलं. बँकेत रक्कम जमा दिसायलती, म्हणून त्यानं पाठवले. महिन्याभरानं चेक खोटा निघाला. बँकेनं पूर्ण रक्कम खात्यातून परत काढून घेतली आणि एजंटचा फोन बंद. समया घरातच राहिल्या, पण गेलेले पैसे वडिलांच्या सोयाबीनचे होते. पोलिसांत जाऊन आले, सायबरला तक्रार केली, अजून काही हाती लागलं नाही.

फॉरेक्स_निवृत्त

मी बँकेतून निवृत्त झालो. नोकरीची शेवटची बरीच वर्षं छत्रपती संभाजीनगरला परकीय चलनाच्या टेबलावर काढली. उदगीरकरांनी सांगितलेला प्रकार जगभर चालतो, अमेरिकेचं फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे तिथली ग्राहक-संरक्षणाची सरकारी संस्था, त्यावर लोकांना सतत सावध करत असतं. पण ताई, तुमचं गिऱ्हाईक लगेच त्या माळेत बसवू नका. दोन सह्यांचा चेक ही तिकडच्या जुन्या मंडळांची, चर्चची, क्लबची नेहमीची पद्धत आहे. बाई खऱ्या असू शकतात आणि तरीही चेक तुमच्यासाठी गैरसोयीचा असू शकतो. का, ते सविस्तर लिहितो.

आपल्याकडचा चेक सीटीएसमध्ये, म्हणजे चेकच्या प्रतिमेवर चालणाऱ्या यंत्रणेत जातो. शाखेत स्कॅन होतो, कागद इथेच राहतो, फक्त प्रतिमा पुढे जाते आणि निकाल लगेच कळतो. अमेरिकन बँकेवरचा चेक या यंत्रणेत बसतच नाही. तो कलेक्शनला, म्हणजे तिकडच्या बँकेकडून वसुलीसाठी, लावावा लागतो. अंबाजोगाईच्या शाखेतून फॉरेक्सचं काम करणाऱ्या शाखेकडे, तिथून आपल्या बँकेचं डॉलर खातं ज्या परदेशी बँकेत आहे तिकडे, आणि तिथून मंडळाच्या बँकेकडे. पैसे त्याच वाटेने उलटे येतात. महिना-दीड महिना धरून चाला, कधी त्याहूनही जास्त. वाटेत प्रत्येक जण आपला आकार कापून घेतो. आपली बँक, तिकडची बँक, शिवाय कुरिअर. लहान रकमेच्या चेकमध्ये हा खर्च फार बोचतो. डॉलरचा भाव लागतो तो जमा होण्याच्या दिवशीचा, तुम्ही चेक भरलात त्या दिवशीचा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. परदेशी चेकची जमा दोन प्रकारची असते. एकात तिकडची बँक थोड्या दिवसांत तात्पुरती रक्कम देते, ज्याला कॅश लेटर म्हणतात. चेक नंतर परत आला तर ती रक्कम तुमच्या खात्यातून वजा होते आणि परतीचा खर्च वेगळा. दुसऱ्या प्रकारात मंडळाच्या बँकेने पैसे प्रत्यक्ष दिल्यावरच तुमच्याकडे जमा होते. यात वेळ आणि खर्च जास्त, धोका बराच कमी. पासबुकात दोन्ही नोंदी सारख्याच दिसतात. उदगीरच्या मुलाचा घात तिथेच झाला. म्हणून चेक भरताना शाखाधिकाऱ्यांना लेखी विचारायचं की ही जमा अंतिम आहे की परत फिरू शकते. "जमा झाली का" एवढंच विचारून भागत नाही.

तुमच्या शाखेत दोन उत्तरं मिळाली याचं नवल नाही. अनेक बँकांनी परकीय चलनातले चेक घेणं बंद केलं आहे, काही फक्त जुन्या खातेदारांचे घेतात. काउंटरवरच्या माणसासमोर असा चेक क्वचितच येतो. बँकेच्या फॉरेक्स शाखेचं उत्तर ईमेलवर मागवा, तेच खरं धरा.

गोधडी_अंबाजोगाई

काका, इतकं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. चेक आलाच तर पाहायचं काय? खोटा ओळखू येतो का?

फॉरेक्स_निवृत्त

काही गोष्टी बघता येतात. पण यातून चेक खोटा आहे हे कळू शकतं, खरा आहे हे कधीच सिद्ध होत नाही. हे डोक्यात पक्कं ठेवून पुढचं वाचा.

सहीखालची रेघ भिंगाने बघा. बऱ्याच अमेरिकन चेकवर ती रेघ म्हणजे अतिशय बारीक छापलेले शब्द असतात, शेजारी इंग्रजी एम आणि पी ही अक्षरं असतात. साध्या प्रिंटरवर काढलेल्या चेकमध्ये त्या शब्दांचा चिखल होतो, नाहीतर तुटक टिंबांची ओळ दिसते.

तळाशी नऊ आकड्यांचा राउटिंग नंबर, म्हणजे बँकेचा ओळख क्रमांक असतो. पहिले दोन आकडे साधारणपणे फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, बारा विभागांपैकी कुठला ते सांगतात. ओहायो क्लीव्हलँडच्या, म्हणजे चौथ्या विभागात येतं, म्हणून तिथल्या स्थानिक बँकेचा नंबर बहुधा ०४ ने सुरू होतो, बचत संस्था किंवा क्रेडिट युनियन असेल तर २४ ने. मोठ्या बँकांचं वेगळं असू शकतं. या नऊ आकड्यांना एक गणितही लागू पडतं. पहिला, चौथा आणि सातवा आकडा यांची बेरीज गुणिले ३, दुसरा, पाचवा आणि आठवा यांची बेरीज गुणिले ७, आणि तिसरा, सहावा, नववा यांची बेरीज तशीच. सगळं मिळून दहाने पूर्ण भाग गेला पाहिजे. नाही गेला तर चेक बनावट आहे. गेला तर एवढंच कळलं की बनवणाऱ्याने खरा नंबर उचलला आहे, आणि तो उचलणं अवघड नाही.

तारीख अमेरिकेत महिना आधी लिहितात. ०३/०७ म्हणजे ७ मार्च. आपल्या काउंटरवर ती ३ जुलै वाचली जाते आणि चेक पुढच्या तारखेचा म्हणून परत देतात. महिना अक्षरात लिहायला सांगा. तिकडची बँक सहा महिन्यांहून जुना चेक द्यायला बांधील नसते, आणि अनेक चेकवर ९० दिवसांनी रद्द असं छापलेलंच असतं. पोस्टाचा प्रवास आणि कलेक्शनचा वेळ धरला तर ही मुदत कुठल्या कुठे संपते. आपल्याकडे चेकची मुदत १ एप्रिल २०१२ पासून तीन महिने आहे, तोच हिशेब डोक्यात ठेवून लोक निवांत राहतात.

नाव खात्याच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. पेजच्या नावाने लिहिलेला चेक बचत गटाच्या खात्यात जमा होणार नाही.

डॅलसचा_परभणीकर

ताई, मी मूळचा परभणीचा, हल्ली टेक्सासमध्ये असतो. इथलं चित्र सांगतो.

चेक इथे अजून रोजच्या वापरात आहे. घरभाडं, प्लंबर, मुलांच्या शाळेची वर्गणी, देवळाची देणगी, सगळं चेकने चालतं. सरकारने स्वतःचे कागदी चेक ३० सप्टेंबर २०२५ पासून बऱ्याच अंशी बंद केले, पण खासगी मंडळं तशीच चालू आहेत. त्यामुळे त्या बाईंचं बोलणं मला अजिबात संशयास्पद वाटत नाही.

एक गोष्ट इथे राहणाऱ्यांनाही माहीत नसते. समजा तुम्ही त्यांना म्हणालात की चेक नको, बँकेतून ऑनलाइन पाठवा. त्या आपल्या बँकेच्या साइटवर बिल पे मध्ये तुमचं नाव-पत्ता टाकतील आणि पैसे पाठवले म्हणून निर्धास्त होतील. पण समोरचं खातं बँकेच्या यादीत नसेल तर इथली बँक त्या सूचनेवरून कागदी चेक छापते आणि टपालाने पाठवते! म्हणजे फिरून तेच. म्हणून त्यांना स्पष्ट "इंटरनॅशनल वायर" असं सांगा, म्हणजे बँकेतून थेट परदेशी खात्यात, नुसतं ऑनलाइन नको.

दुसरं, इथे टपालपेट्यांतून चेक चोरतात, शाई रसायनाने धुतात आणि नाव-रक्कम बदलून वटवतात. त्यांनी चेक पाठवला आणि तो तुमच्यापर्यंत पोहोचलाच नाही, असंही होऊ शकतं. मग दोन्हीकडच्या भल्या माणसांत विनाकारण कटुता.

मदत म्हणून सुचवतो. चेक माझ्या नावाने लिहायला सांगा. मी इथे खात्यात भरतो आणि नेहमीच्या ॲपने तुम्हाला रुपयांत पाठवतो. घरी पाठवतो तसंच. मला एक पैसा नको.

नांदेड_सीए

परभणीकर दादा, तुमचा हेतू चांगला आहे यात शंका नाही, पण ताईंनी हे करू नये असं मला ठामपणे म्हणायचं आहे.

तुम्ही घरी पाठवता ते पैसे कुटुंबाच्या निर्वाहासाठी म्हणून नोंदले जातात. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक रकमेला रिझर्व्ह बँकेचा पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे ते सांगणारा क्रमांक लागतो. मालाच्या बिलाची वसुली पी०१०२, मालाआधी आलेली आगाऊ रक्कम पी०१०३. गोधड्यांचे पैसे कुटुंबाच्या कोडखाली आले तर ती चुकीची नोंद. माल पोस्टाने निर्यात झाल्याची नोंद एकीकडे राहील आणि तिच्यासमोर वसुली दिसणारच नाही. रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस या निर्यात-वसुलीवर लक्ष ठेवणाऱ्या प्रणालीत ते बिल थकीत दिसत राहतं.

तिसऱ्या माणसाकडून निर्यातीचे पैसे घ्यायला सरसकट बंदी नाही. पण हा तिसरा माणूस कोण, का देतोय, हे कागदोपत्री आधी दाखवावं लागतं आणि बँकेचं समाधान व्हावं लागतं. भावकीच्या भरवशावर ते होत नाही.

आणि दादा, तुमचंही बघा. चेक तुमच्या खात्यात भरला, तुम्ही इकडे पैसे पाठवले आणि नंतर तो परत आला तर तुमची बँक तुमच्याकडूनच वसूल करणार. अमेरिकेत बँका चेकची रक्कम कायद्यानेच लवकर वापरायला देतात, खोटेपणा मागाहून उघडा पडतो. तुम्ही ताईंकडे मागणार का? गावाकडचे संबंध अशाने बिघडतात.

डॅलसचा_परभणीकर

पटलं. चेक परत आला तर माझ्या गळ्यात पडेल हे माहीत होतं, पण नोंदीची बाजू माहीत नव्हती. सूचना मागे घेतो. त्या बाईंशी फोनवर बोलायला, वायरचा फॉर्म समजावून सांगायला मी तयार आहे. तेवढं तरी करू द्या.

हिमरू_शहागंज

आमचं हिमरू शाली आणि पैठणीचं छोटं दुकान आहे, संभाजीनगरला. वेरूळ-अजिंठ्याला आलेले पाहुणे शाल नेतात आणि मायदेशी गेल्यावर आणखी मागवतात, त्यामुळे हा प्रश्न आमच्या रोजचा आहे.

आम्ही चेक घेत नाही. ग्राहकाला रागवत नाही, नम्रपणे सांगतो की आमची बँक घेत नाही. मग तीन रस्ते देतो.

मोठी ऑर्डर असेल तर वायर. प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे माल पाठवण्याआधीचं कच्चं बिल पाठवायचं, त्यावर खात्याचं नाव, नंबर, बँकेचा स्विफ्ट कोड. अमेरिकेत वायर पाठवायला ग्राहकाला बँक वेगळे पैसे लावते, म्हणून लहान ऑर्डरला लोक नाखूश असतात. आणि इन्व्हॉइसवर लिहायचं की सगळे बँक चार्जेस पाठवणाऱ्याकडे. नाहीतर मधल्या बँकेची कपात होऊन रक्कम कमी येते आणि बिलाशी जुळत नाही.

लहान ऑर्डरला पेमेंटची लिंक. सीमापार पेमेंट करणाऱ्या ॲग्रिगेटर कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२३ ला नियम काढले, त्यांच्यामार्फत २५ लाखांपर्यंत घेता येतं. आपल्या कामाला ते पोत्याने पुरेल. टक्केवारी कापतात, पण पैसे काही दिवसांत खात्यात आणि सोबत कागदही मिळतो. ग्राहक कार्डाने देतो. मात्र कार्ड म्हणजे सुटलो असं नाही. ग्राहकाने माल मिळाला नाही म्हणून कार्ड कंपनीकडे तक्रार केली तर चार-चार महिन्यांनीही रक्कम परत ओढली जाऊ शकते. म्हणून पार्सलचा ट्रॅकिंग नंबर, पॅकिंगचे फोटो, ग्राहकाचे मेसेज, काही पुसायचं नाही.

तिसरा रस्ता म्हणजे अशा सेवा ज्या तुमच्या नावाने अमेरिकेतला खातेक्रमांक देतात. ग्राहक तिकडच्या तिकडे आपल्या बँकेतून पैसे टाकतो, वायरचा खर्च वाचतो. तुमच्या मंडळासारख्यांना हा बरा पडतो, कारण दोघींची मंजुरी बँकेच्या साइटवरही घेता येते.

आणि हे विसरू नका, चेकपेक्षा मोठा प्रश्न जकातीचा आहे. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून गेली. त्या गोंधळात आपल्या पोस्टाने अमेरिकेची पार्सलं थांबवली होती, ती १५ ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू झाली, आणि जकात बुकिंगच्या वेळीच भरावी लागते असं झालं. दर बदलत राहतात, बुकिंगच्या आधी पोस्टात विचारायचं. ओहायोच्या बाईंनी पोस्टेज मान्य केलं म्हणता, पण जकात कोणाची, हे ठरलंय का? ते लेखी घ्या. नाहीतर सहा गोधड्यांचा नफा तिथेच जाईल.

गोधडी_अंबाजोगाई

जकातीचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं, बरं झालं सांगितलंत. आज बाईंना विचारते.

सीए साहेब, बचत गटाच्या खात्यात हे पैसे घेता येतील का? आणि निर्यातीचा परवाना वगैरे लागतो का? आम्ही सहाच गोधड्या पाठवतोय.

नांदेड_सीए

सहा असो की सहाशे, विक्री म्हणून परदेशी माल पाठवायचा तर आयईसी लागतो, म्हणजे आयातदार-निर्यातदार कोड. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या (डीजीएफटी) साइटवर पॅनच्या आधारे ऑनलाइन निघतो, सरकारी फी ५०० रुपये. कोणी हजारो मागत असेल तर तो त्याची मजुरी मागतोय. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात माहिती अद्ययावत करायची, बदल नसला तरी. राहून गेलं तर कोड बंद पडतो.

खरी अडचण गटाची आहे. आयईसी व्यक्तीची मालकी फर्म, भागीदारी, कंपनी, ट्रस्ट, नोंदणीकृत संस्था अशांना मिळतो. नोंदणी नसलेला बचत गट यात बसत नाही. दोन वाटा आहेत. तुमच्यापैकी एकीच्या नावाने मालकी फर्म काढायची आणि त्याच नावाने चालू खातं उघडायचं. पैसे तिथे येतील आणि ती फर्म बाकीच्या बायकांना शिलाईचे पैसे बँकेतून देईल. हे लवकर होतं, पण सगळ्या उत्पन्नाचा आणि कराचा भार एकीच्या पॅनवर येतो. आधी सगळ्यांनी बसून कागदावर लिहा, कोणाला किती, कधी. गावात चांगले चाललेले गट या एका कारणाने तुटलेले मी पाहिले आहेत. दुसरी वाट संस्था किंवा उत्पादक कंपनीची. तिला वेळ आणि खर्च आहे, पण दोन-तीन परदेशी ऑर्डर झाल्या की तिकडे जाच, असा माझा आग्रह राहील.

जीएसटीत निर्यात ही आंतरराज्य पुरवठ्यात धरतात, म्हणून उलाढाल कमी असली तरी नोंदणीचं सीएकडून बघून घ्या. नोंदणी झाली की आरएफडी-११ फॉर्ममध्ये एलयूटी हे हमीपत्र द्यायचं, म्हणजे कर न भरता निर्यात करता येते. ते दर आर्थिक वर्षाला नव्याने.

पार्सलसाठी डाकघर निर्यात केंद्र गाठा. पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट, म्हणजे पोस्टाने निर्यातीचा कागद, तिथे ऑनलाइन भरता येतं, सीमाशुल्काचा कागद पोस्टामार्फतच होतो. या बिलाचा नंबर आणि बँकेत आलेली रक्कम जुळवायची. पूर्वी वसुलीला नऊ महिने मिळायचे, नोव्हेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंधरा केले. दहा लाखांपर्यंतची बिलं आता निर्यातदाराच्या स्वयंघोषणेवर बंद करता येतात, लहान माणसाचा मोठा त्रास त्यात वाचला.

उदगीर_बसस्टँड

साहेब, एवढं सगळं करायचं तर गरीब बाईनं धंदा करावा का कागद रंगवावेत? पोस्टात भेटवस्तू म्हणून लिहून पाठवायलेत कित्येक जण.

नांदेड_सीए

पाठवतात, मला माहीत आहे. त्यात काय होतं ते सांगतो. भेट म्हणून पाठवलं की विक्रीचा पुरावा संपला. मग पैसे आले नाहीत, पार्सल हरवलं, ग्राहकाने खोटी तक्रार केली, तर ताईंच्या हातात काहीच नाही. पोस्टाची भरपाई जाहीर केलेल्या किमतीवर अवलंबून असते. आणि बँकेत मालाचे पैसे आले तर त्यासमोर दाखवायला निर्यातीचा कागद नाही. वर कस्टमला खोटं सांगितल्याचा डाग. पहिल्या वेळी कागदाला वेळ जातो, दुसऱ्यापासून ते तासाभराचं काम राहतं. बीड-लातूरच्या बायकांचा माल हक्काने, नावाने बाहेर जावा, एवढीच माझी तळमळ आहे.

फॉरेक्स_निवृत्त

सीए साहेबांच्या मताशी पूर्ण सहमत.

इतर वाचकांसाठी एक पुरवणी. चेक देतो म्हणणारा कुठल्या देशातला आहे, हे आधी बघा. अमेरिकेत चेक चालतो, म्हणून तिथल्या माणसाने देऊ करणं स्वाभाविक आहे. डेन्मार्कमध्ये चेकची देवाणघेवाण २०१७ च्या सुरुवातीलाच संपली. न्यूझीलंडच्या मोठ्या बँकांनी २०२१ पर्यंत चेक बंद केले. ऑस्ट्रेलियातही ते टप्प्याटप्प्याने बंद होत आहेत. ऑकलंडचा माणूस तिथल्या बँकेचा चेक पाठवतो म्हणाला तर पुढे बोलूच नका. तसंच ग्राहक एका देशात, चेक दुसऱ्या देशातल्या तिसऱ्याच कंपनीच्या खात्यावरचा, असं दिसलं की थांबा. आणि ठरलेल्या रकमेहून एक डॉलरही जास्तीचा चेक आला तर तो भरायचाच नाही, परत करायचा. वरचे पैसे अमुकला द्या, असं कुणी म्हटलं की समजायचं, यासाठीच सगळा खटाटोप होता.

कुणाला चेक घ्यावाच लागला, जुनं ओळखीचं गिऱ्हाईक आहे आणि दुसरा मार्गच नाही, तर फॉरेक्स शाखेचा लेखी होकार, अंतिम जमेच्या पद्धतीने कलेक्शन, आणि अंतिम जमेचं पत्र हातात आल्यावरच पार्सल बुक. चेक भरताना दोन्ही बाजूंची स्पष्ट प्रत ठेवा. कायद्याने चेक घेणं गुन्हा नाही, पैसे अधिकृत बँकेतून आले म्हणजे झालं. पण तुमच्यासारख्या नव्या विक्रेत्याने पहिल्याच परदेशी ऑर्डरला हे करू नये, असं मी माझ्या मुलीला सांगेन, तसंच तुम्हाला सांगतो.

गोधडी_अंबाजोगाई

मंडळी, पुढची हकीकत सांगते.

बाईंशी परभणीकर दादांच्या मदतीने व्हिडिओ कॉल झाला. त्यांचं मंडळ खरं आहे, मागच्या प्रदर्शनांचे फोटो दाखवले, खजिनदार बाईही कॉलवर होत्या. चेक आमच्याकडे वटायला दीड महिना लागेल आणि तोवर माल निघणार नाही, हे सांगितल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या की मग प्रदर्शन निघून जाईल. त्यांच्या बँकेतून वायर करता येते, फक्त दोघींनी शाखेत जाऊन सही करावी लागते. त्या जाणार आहेत. वायरचा खर्च आणि जकात दोन्ही त्यांच्याकडे, तसं मेलवर लिहून दिलं आहे. निम्मी रक्कम आधी, त्यात तीन गोधड्या पाठवायच्या. त्या पोहोचल्यावर उरलेली रक्कम आणि मग उरलेल्या तीन.

चेकचा फोटोही त्यांनी दाखवला, सहज विचारलं म्हणून. काकांनी सांगितलेली सहीखालची रेघ मोठी करून बघितली, खरंच बारीक अक्षरं आहेत!

इकडे सुमनकाकूंच्या सुनेच्या नावाने फर्म काढायचं ठरलं. कोणाला किती द्यायचं ते गटाच्या वहीत लिहून सगळ्यांनी सह्या आणि अंगठे केले. गोधडीमागे शिलाईचा दर वेगळा, कापड आणणारीचा वेगळा, पॅकिंग आणि पोस्टात नेणारीचा वेगळा. पैसे रोख नाही, प्रत्येकीच्या खात्यात.

सीए साहेब, आगाऊ रकमेला पी०१०३ म्हणालात. उरलेली निम्मी रक्कम उरलेल्या तीन गोधड्या पाठवायच्या आधीच येणार, म्हणजे तिलाही तोच कोड ना? आणि इन्व्हॉइस एक करावं की दोन?

नांदेड_सीए

हो, माल निघायच्या आधी आली म्हणून दोन्हींना पी०१०३. इन्व्हॉइस दोन करा, प्रत्येक पार्सलला एक, म्हणजे प्रत्येक पोस्टल बिलासमोर एक रक्कम सरळ जुळेल. प्रोफॉर्मा मात्र सहा गोधड्यांची एकच असू द्या आणि तिचा नंबर दोन्ही इन्व्हॉइसवर टाका. वायर आली की बँक कोड विचारेल, त्या दिवशी प्रोफॉर्मा घेऊन जा. सुनबाईंचं पॅनवरचं नाव, फर्मचं नाव आणि खात्याचं नाव यांत स्पेलिंगचा फरक नको, आयईसी भरण्याआधी तिन्ही समोर ठेवून वाचा.

हिमरू_शहागंज

गोधडी पाठवताना आत कापडी पिशवी आणि बाहेर प्लॅस्टिक, पावसात पार्सल भिजतं. वर्णनात नुसतं "क्विल्ट" लिहू नका, "हाताने शिवलेली सुती गोधडी" असं इंग्रजीत पूर्ण लिहा, कापड कशाचं ते कस्टमला हवं असतं. जुन्या लुगड्यांची आहे तर धुऊन, उन्हात वाळवून, तसं इन्व्हॉइसवरही नमूद करा. संभाजीनगरला आलात तर दुकानात या, आमच्या इन्व्हॉइसचा नमुना देतो.